अकरा नंबरचा नग

१२ डिसेंबर १९८८, सोमवार. अहेरी.

बदली झाली. चिमूर! मडावीभाऊंनी लिफाफा टेबलावर ठेवला आणि हलेचनात. शिपायाच्या नोकरीत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला कागदाचा वास येतो. तीनदा वाचला. रामटेके, कनिष्ठ लिपिक, वनविभाग, म्हणजे मीच.

बायको, कुसुम, तिथेच शाळेवर आहे. सातवा सरत आलाय. फेब्रुवारीअखेर, म्हणाले डॉक्टर. या वेळी मी जवळ असेन. हे वाक्य लिहून पाहिलं, बरं वाटतं.

साहेब म्हणाले, "अभिनंदन. चार्ज कोणाला देताय?"

तिथेच पाणी पडलं. माझ्या जागी गेडाम बाई, चामोर्शीहून. त्या हजर होणार केव्हा, कॉम्प्युटर शिकणार केव्हा. "वस्तू मोजून द्या, चालवायला शिकवा, मग खुशाल जा," म्हणाले. खुशाल! नागपूरला तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला मीच मिरवत गेलो होतो. अख्ख्या ऑफिसात बारावी सायन्स मी एकटा. आता भोगा.

१४ डिसें.

थंडी. मशीन सकाळी दगड. ही कॉम्प्युटरची खोली म्हणजे पूर्वीचं बारदानाचं गोदाम. खिडक्या खिळे ठोकून बंद. आत ए.सी., दारात "चपला बाहेर काढा". साहेब देवळात जावं तसे आत येतात, हात मागे बांधून.

कॅबिनेटचे स्क्रू काढले. मेमरीच्या छत्तीस चिपा चार रांगांत बसवल्यात. मशीन तापतं, थंड होतं, आणि त्या रोज केसभर खोबणीतून वर सरकतात. कोणी शिकवलं नव्हतं, मलाच सापडलं. अंगठ्याने एकेक दाबत जायचं, चक् वाजतं. सगळ्या दाबल्या, बटण दाबलं, पडद्यावर आकडे पळाले, ६४० वर थांबले. मागे उभे असलेले लोक हरखले. साहेब म्हणाले, "तुमच्याशिवाय हे चालायचं नाही."

मेलो. अडाण्यासारखा गप्प बसलो असतो तर केव्हाच सुटलो असतो.

१७ डिसें., शनिवार.

कुसुमचं पत्र. "पाय सुजतात. तुमी येऊन राह्यले ना जी? मागल्यासारखं नको." एवढंच, मग शाळेच्या गप्पा.

मागल्यासारखं. गेल्या वर्षी ऑगस्टात कळा लागल्याची तार आली तेव्हा नाल्याला पूर होता. आलापल्लीच्या पुढे तीन दिवस एस.टी. नाही. चौथ्या दिवशी पोचलो. मुलगा होता. मी पाहिला नाही. कु. ने रागावावं म्हणून वाट पाहिली, ती रागावली नाही. ते अजून

जाऊ दे.

१९ डिसें.

साहेब जूनमध्ये निवृत्त. त्यांच्या अंगावर एकही नग राहू नये ही त्यांची काळजी. आज हुकूम सुटला: डेडस्टॉक रजिस्टरातल्या प्रत्येक वस्तूवर तिचा नंबर पांढऱ्या ऑइलपेंटने घालायचा. खुर्च्या, टेबलं, बादल्यांवर आहेच. कॉम्प्युटरवर नाही.

म्हटलं, डब्यावर घालतो एक नंबर.

"रजिस्टरात डबा कुठं लिहिलाय तुम्ही? तुम्ही तर आतलं सगळं वेगवेगळं लिहिलंय."

खरंच. मशीन आलं त्या दिवशी माझ्या अंगात आलं होतं. "संगणक, १ नग" लिहून भागलं असतं. पण मी पुरवठादाराची टाइप केलेली यादी समोर ठेवून आतलं झाडून सगळं उतरवलं, शाळामास्तरासारखं मराठी करून. मदरबोर्ड, प्रोसेसर, पॉवर सप्लाय, पडद्याचं कार्ड, फ्लॉपी ड्राइव्ह दोन, हार्ड डिस्क. खाली "सर्व नग तपासून मिळाले" आणि सही. माझी सही लफ्फेदार आहे. बाबा जन्मभर अंगठा लावत आले, म्हणून मी सहीवर जरा जास्तच मेहनत घेतली होती.

२० डिसें.

मडावीभाऊ बारीक ब्रश घेऊन बसले, मी नंबर सांगत गेलो. त्यांचा हात सुरेख, एकाच्या आकड्याला वर छोटं शेपूट काढतात. मेमरीच्या चिपांवर छत्तीस वेळा २४ लिहिला. चिपेवर छापलेले कारखान्याचे आकडे पेंटखाली गेले. म्हटलं, भाऊ, ते आकडे राहू द्या. "जागाच नाई ना बाबू. अन् तो नंबर काई आपल्या सरकारचा हाय का?"

मी पंख्याच्या डब्यावर वाकलो तेवढ्यात पडद्याच्या कार्डवर त्यांनी नंबर घातला तो नेमका खालच्या सोनेरी पट्ट्यांवर, जिथून ते बोर्डात शिरतं. "तेवढीच जागा चिक्कन दिसली." पडदा काळा. पेन्सिलीच्या रबराने तासभर घासलं तेव्हा उजेड आला. हसावं की रडावं.

हसणं पुढे थांबलंच. अनुक्रमांक ११: गणित सहायक चिप, १ नग. मुख्य प्रोसेसर मोठी आकडेमोड तिच्याकडे सोपवतो म्हणे. प्रोसेसरच्या शेजारीच तिची चाळीस भोकांची लांब खोबण.

खोबण रिकामी.

भाऊ म्हणाले, "हे तर पयल्यापासूनच खाली हाय. खोकं फोडलं तवा मी इथीच होतो ना."

मीही होतो. झाकण उघडून पाहिलंही होतं, पण हौसेने, मोजायला म्हणून नाही. यादीत होतं म्हणून लिहिलं.

२२ डिसें.

साहेबांना सांगितलं. चष्मा काढला, पुसला. "म्हणजे गहाळ."

गहाळ नाही, आलीच नव्हती.

"तुमची सही काय म्हणते?"

पुरवठादाराला लिहायला सांगितलं. लिहिलं. चपराश्यासारखा पत्र स्वतः पोस्टात टाकून आलो.

२ जानेवारी ८९, सोमवार.

गेडाम बाई हजर! चोवीस-पंचवीस वय, पातळाचा पदर खोचलेला, हातात दोनशे पानी वही. अनुकंपावर लागल्या, वडील वारल्यावर. आई चामोर्शीला एकटी, तिला डोळ्यांनी कमी दिसतं. "वर्षभर काढते कशी तरी भाऊ, मंग अर्ज करते वापसीचा," म्हणाल्या. अहेरीत येणारा प्रत्येक जण येतानाच परतीचं तिकीट विचारतो.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "झाकण खोला. आत काय हाय ते पाह्यल्याबिगर मले समजत नाई."

५ जाने.

बाई हुशार. नुसती मान डोलवत नाहीत. मेमरी आणि हार्ड डिस्क दोन्हीत माहिती राहते तर दोन कशाला, हे विचारलं. मी ट्रेनिंगमधलं घोकलेलं सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. "म्हणजे हार्ड डिस्क आपली धान साठवाची ढोली, अन् मेमरी पुढ्यातलं ताट. जेवढं खाचं तेवढं ताटात. लाइट गेली का ताट पालथं. ढोलीत हाय ते हाय." मी पाहत राहिलो. नागपूरच्या मास्तरांना तीन आठवड्यांत हे जमलं नव्हतं.

वहीत प्रत्येक भागाचं चित्र काढतात, पट्टी लावून. कूपवार, म्हणजे जंगलतोडीच्या पट्ट्यांप्रमाणे, लाकडाची यादी आज त्यांनी एकटीने छापली. पंधरा दिवसांत मला सुटका.

अकरा नंबर सोडून.

९ जाने.

पुरवठादाराचं उत्तर. दोन ओळी. सर्व नग पोचल्याची आपल्या कार्यालयाची सही आमच्याकडे आहे. सोबत सहीची प्रत. लफ्फ्यासकट.

साहेब वाचून शांतपणे म्हणाले, "मी वर कळवलं तर चौकशी. चौकशी संपेपर्यंत तुम्ही इथंच. सहा महिने, वर्ष." मग दाराकडे पाहून, आवाज खाली आणून, "मला काय, नगाला नग दिसला पाहिजे. गेडाम बाईंनी मिळाला म्हणून सही केली की माझ्याकडून विषय संपला."

बाहेर येऊन चपला उलट्या घातल्या.

१३ जाने.

चार दिवसांची रजा मागितली. नाही. वरून पाहुणे येणार, त्यांना मशीन चालू दिसलं पाहिजे, थंडीत बंद पडलं तर कोण दाबणार? म्हटलं, बाईंना दाबायला शिकवलंय. "त्यांनी सही केलीय का चार्जची?"

फिरून तिथेच. खोलीला खिडकी नाही, ए.सी.ची घरघर, बाहेर आठवडी बाजार भरलाय तो ऐकूसुद्धा येत नाही. दिवसभर आत बसलो की वाटतं, माझ्यावरही पेंटने नंबर घालून टाकावा.

१८ जाने.

कु.च्या शाळेतल्या शिपायाने ऑफिसात फोन केला. ट्रंक कॉल, अर्धं ऐकू आलं. डॉक्टरांनी बीपी वाढलंय सांगितलं, रजेवर बसवलंय, झोपून राहायचं. घरी कोणी नाही, शेजारच्या बाई डबा देतात.

मी नुसतं "हो हो" करत राहिलो.

२० जाने.

सरळ विचारलं बाईंना. रिकामी खोबण न दाखवता, आडून. चार्ज यादीत एखादी वस्तू कमी-जास्त असली तर चालेल का? सही करून टाकाल?

"नाई भाऊ." लगेच. "तुमच्या भरोशावर केली असती. पण माया बाबाच्या अंगावर असंच एक कपाट निघालं होतं. कोनाची सही, कोनाचं कपाट. ते गेल्यावर मायले चार वर्षं पेन्शनचे कागद भेटले नाई. मी जे दिसल तेच लिहीन."

बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असतो तर हेच बोललो असतो. राग मात्र आला, आणि तिचाच आला. काय माणूस आहे मी.

२७ जाने., शुक्रवार.

काल झेंडावंदनाला सगळे पांढऱ्या कपड्यांत. जिलेबी वाटली. मी कागदात गुंडाळून खिशात ठेवली आणि विसरलो.

आज मशीन उघडून एकटाच बसलो होतो. प्रोसेसरसारखीच लांब, चाळीस पायांची आणखी एक चिप बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला आहे. की-बोर्डवगैरेशी बोलण्याचं काम तिचं. पुरवठादाराच्या यादीत तिचं नाव नव्हतं, म्हणून रजिस्टरात नाही, म्हणून अंगावर नंबर नाही. कोरी.

पाहत राहिलो. झाकण लावलं.

३० जाने., सोमवार.

केलं.

जेवणाच्या सुट्टीत. पेंटची डबी मडावीभाऊंच्या कपाटात असते. कारखान्याचा आकडा झाकला जाईल असा मोठा ११ काढला. वाळेपर्यंत फुंकर घालत बसलो, पोरं भाजलेल्या बोटावर घालतात तशी. रिकाम्या खोबणीवर वायर ओढून घेतल्या, नजरेत भरू नये म्हणून.

कु. साठी केलं, असं लिहिणार होतो. पण माझ्यासाठीही केलं. मला इथून जायचं होतं, बस्स.

१ फेब्रुवारी.

चार्ज. साहेब खुर्ची टाकून बसले. मी नंबर वाचायचा, बाईंनी बोट ठेवायचं. प्रोसेसर, हाय. पॉवर सप्लाय, हाय. "अकरा, गणित सहायक चिप." बाई वाकल्या, शोधलं, नंबर सापडला, बोट ठेवलं. "हे का भाऊ?"

"हो."

एका अक्षरात झालं. मेमरीच्या चिपा त्यांनी छत्तीसही मोजल्या, मोठ्याने. मग सही केली. साधी सही, शाळकरी, शे. म. गेडाम.

मडावीभाऊ पेंटची डबी घेऊन कोपऱ्यात उभे होते. साहेब आणि बाई गेल्यावर मशीनकडे बोट केलं. "बाबू, हा अकरा माया हातचा नाई."

झाकणाचे स्क्रू त्यांनीच आवळले, चारी.

२ फेब्रु.

कार्यमुक्त. सकाळच्या एस.टी.ने निघालो. बाई स्टँडवर आल्या, कु. साठी घरच्या तांदळाची पिशवी. "बाळंतिणीले पेज करा. नवीन तांदूळ हाय, मऊ होते." घेतली. घेऊ नये असं वाटत असून घेतली.

आलापल्ली गेली, तो नाला गेला. कोरडा ठणठणीत.

२१ फेब्रु. चिमूर.

मुलगी. सकाळी दहा वाजता. दोन किलोला जरा कमी. रडली! मी व्हरांड्यात होतो, भिंतीपलीकडून ऐकलं. कु.चं बीपी अजून वर आहे, पण डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हाय ना तुमी." मी मोठ्याने रडलो, नर्सबाईंनी हाकललं.

सुटलो. आज पहिल्यांदा वाटलं.

४ मार्च, शनिवार.

घरी आणलं दोघींना. बाळ दूध ओढत नाही फारसं, वाटी-चमच्याने पाजायचं, दर दोन तासांनी. मी पाजतो. डॉक्टर म्हणाले, महिनाभर डोळ्यांत तेल घालून जपा. कु. ने अजून उठायचं नाही.

नव्या ऑफिसात कॉम्प्युटर नाही. फायली, टाचण्या, लाल फीत. किती गोड वाटतं सगळं.

१३ मार्च.

अहेरीहून आंतर्देशीय. अक्षर ओळखलं, उघडायला वेळ लावला. उतरवून ठेवतो:

"रामटेकेभाऊंस नमस्कार. बाळ-बाळंतीण खुशाल असतील. मशीन बरं चालू आहे. चिपा दाबते. मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक कपाटात सापडलं, शब्दकोश घेऊन वाचत आहे. त्यातल्या नकाशात गणित सहायक चिपेची जागा प्रोसेसरच्या बाजूला दाखवली आहे. वायर सरकवून पाहिलं, तिथे खोबण रिकामी आहे. अकरा नंबर दुसऱ्याच चिपेवर आहे. माझंच काही चुकलं असेल, मी नवीन आहे. मडावीभाऊंना विचारलं, ते म्हणाले रामटेकेबाबूंना विचारा. साहेब निवृत्तीआधी एकतीस मार्चला सगळ्यांकडून दाखला घेणार आहेत की वस्तू प्रत्यक्ष पाहिल्या. तुम्हीच मला सगळं शिकवलं, म्हणून विचारते. काय लिहू? तुम्ही सांगाल तसं लिहीन. आईचे डोळे जास्त बिघडलेत. आपली, शेवंता गेडाम."

माझंच काही चुकलं असेल, म्हणते.

१४ मार्च.

कु. ला सांगितलं. सगळं, पेंटसकट. बाळाला खांद्यावर घेऊन ऐकत होती.

"खरं लिहिलं तं काय होईल?"

चौकशी. माझी सही, वर माझी लबाडी. अहेरीला बोलावतील, बसवून ठेवतील. किती दिवस ते कोण सांगणार. नोकरीवरही येईल कदाचित.

"अन् नाई लिहिलं तं?"

तिच्या अंगावर. तिचा वापसीचा अर्ज गेला. जसं तिच्या बापाचं कपाट, तशी तिची चिप.

कु. म्हणाली, "मले त्या बाईचं लई वाईट वाटते जी. पण तुमी लिहू नका." आणि बाळाला छातीशी ओढलं. "मी एकटी नाई राहू शकत आता. मले खराब म्हना, पण नका लिहू." गेडाम बाईंनी दिलेल्या तांदळाची पेज चुलीवर होती.

मी तिला खराब कसं म्हणू? माझ्याच मनातलं बोलली.

१८ मार्च.

पाच दिवस पत्र खिशात. ऑफिसात बसलो की हात तिथेच जातो. अहेरीला खिडकी नव्हती, इथे चार आहेत, तरी तेच. बाईचं बोट दिसतं, चिपेवर ठेवलेलं, आणि मान वर करून विचारणं. माझ्या "हो"वर तिने सही केली, पेंटवर नाही.

बाळाने आज पूर्ण वाटी संपवली. कु. हसली. घरात सगळं जसं हवं होतं तसं आहे, आणि मी त्यात चोरासारखा वावरतो.

१९ मार्च, रविवार.

आज एकतीसला बारा दिवस. पत्र पोचायला चार-पाच लागतात.

आंतर्देशीय घेऊन बसलो. लिहिलं: नग क्र. ११ मशीनसोबत आलाच नव्हता. मी न पाहता यादीवरून उतरवला. दुसऱ्या चिपेवर नंबर मी स्वतः घातला, गेडाम बाईंना माहीत नव्हतं. हा कागद तुम्ही साहेबांना दाखवू शकता.

वाचलं. नीट आहे, खाडाखोड नाही. खाली सहीची जागा सोडली आहे. पेन उघडं आहे.

बाळ झोपलंय. कु. आतून विचारते आहे, "काय लिहून राह्यले जी?"

म्हटलं, रोजनिशी.